चिऱ्याची भिंत, पाऊस आणि रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चित्रकला कुठे शिकलो नाही. दुकानांचे बोर्ड आणि शिगम्याच्या चित्ररथांचे पडदे रंगवत हात बसला. गावच्या शाळेच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कुंपणभिंतीवर (20 फूट लांब, 6 फूट उंच) ऑइल पेंटने मासळीबाजार रंगवला. पावसाळ्यात फोड येऊन पापुद्रे सुटले. कुठे चुकले? (पेडणे)

उत्तर : ऑइल पेंट पत्र्याच्या बोर्डाला चांगला, चिऱ्याच्या भिंतीला नाही. चिरा पाणी पितो, आणि गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आत शिरलेली ओल तेलाच्या थरातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून फोड येतात. शिवाय सिमेंटच्या गिलाव्यातल्या क्षाराने तेलाचा साबण होतो आणि थर मऊ पडतो. इथे बाहेरच्या भिंतीचे ॲक्रिलिक इमल्शनच हवे.

जुना थर पूर्ण खरवडा. अर्धवट सुटलेला भाग ठेवलात तर नवा रंगही त्याच्याबरोबर गळेल. शेवाळावर 1 भाग घरगुती ब्लीच आणि 4 भाग पाणी लावून 20 मिनिटांनी घासून धुवा. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पांढरा खार फुटला असेल तर तो मात्र कोरड्या ब्रशनेच झाडा; धुतला तर विरघळून परत भिंतीत शिरतो.

पाऊस गेला तरी चिरा लगेच सुकत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या.

त्यानंतर प्रायमरचा 1 हात आणि बेसचे (पांढऱ्या इमल्शनचे) 2 हात. गुळगुळीत गिलाव्यावर 2 हातांना लिटरमागे सुमारे 50 चौरस फूट धरतात. तुमच्या 120 चौरस फुटांना 3 लिटर आणा, खरबरीत भिंतीला थोडे जास्त. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (रंगछटा देणारा दाट द्रव) ओतून गडद रंग करण्याची सवय सोडा. लिटरला 40–50 मिलिलिटरच्या वर स्टेनर गेला की थर नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो. गडद रंग दुकानातल्या मशीनवर करून घ्या. तांबडा ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि काळा उन्हात टिकतात. झगझगीत गुलाबी आणि फ्लोरोसंट सर्वांत आधी विटतात. मासळी विकणारणीची साडी गुलाबीच हवी असेल तर तो रंग तेवढ्याच जागेत ठेवा, म्हणजे पुढे फक्त तिथे हात मारता येईल. तापलेल्या भिंतीला रंग लावू नका. पाणी झटकन उडते, थर जुळत नाही आणि हाताला भुकटी लागते. पश्चिमेकडची भिंत सकाळी घ्या.

आणि भिंतीचा माथा पाहा! त्याला उतार आणि बाहेर आलेली कड नसेल तर पाणी वरूनच आत उतरते आणि वरचे सगळे कष्ट वाया जातात. तेवढे गवंडीकाम शाळेकडून आधी करून घ्या. तळाचा 1 फूट तांबडा ठेवा, कारण मातीचे शिंतोडे तिथेच उडतात.

प्रश्न : वहीतले चित्र भिंतीवर नेताना माणसे लांबट होतात. (म्हापसा)

उत्तर : भिंतीला चिकटून, मान वर करून काढल्यामुळे. जवळून वरचा भाग आखूड दिसतो, म्हणून हात तो ताणतो. चौकटी आखा. कागदावर 40 × 12 सेंटिमीटर चित्रात 2 सेंटिमीटरचे चौकोन पाडले की 20 × 6 घरे होतात. 20 × 6 फुटांच्या भिंतीवर प्रत्येक घर 1 फुटाचे. गवंड्यासारखी दोरी ताणून सूत मारा. पांढऱ्या बेसवर कोळशाची पूड वापरा आणि नंतर कोरड्या फडक्याने झटका. निळीचा डाग फिक्या रंगातून वर येतो. दर थोड्या वेळाने रस्ता ओलांडून समोरून बघा.

प्रश्न : देवळांतली कावी (चुन्याच्या गिलाव्यावर कोरलेली तांबडी-पांढरी चित्रे) बाहेरच्या भिंतीवर करता येईल का? (फोंडा)

उत्तर : येईल, आणि गोव्यातल्या तरुण हातांनी ती करावी असे आम्हाला मनापासून वाटते. मुरवलेला चुना आणि धुतलेली बारीक वाळू यांचा पांढरा थर द्या. तो ओलसर असतानाच वर तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ थर द्या, मग टोकदार लोखंडी हत्याराने तांबडा खरवडून खालचा पांढरा उघडा करा आणि गुळगुळीत गोट्याने घोटा. एका दिवसात संपेल तेवढाच तुकडा घ्या. थर सुकला की रेघ तुटते, कडांचे टवके उडतात. पुढचे काही दिवस सावली करून पाणी शिंपडा, नाहीतर भेगा पडतात. आधी 1 फुटाच्या फरशीवर सराव करा. चुना डोळ्यांना जाळतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. आडोशाची भिंत निवडा. थेट पावसाच्या माऱ्यात कावी झिजते.

प्रश्न : स्प्रे कॅन वापरताना तोंडाला रुमाल पुरतो का? आणि रिकाम्या भिंतीला परवानगी लागते का? (मडगाव)

उत्तर : रुमाल पुरत नाही, वाफ त्यातून आरपार जाते. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्या आणि वारा पाठीमागून ठेवा. काम संपले की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नोझल तुंबत नाही.

परवानगी लागतेच, भिंत कितीही ओसाड दिसली तरी. मालकाकडून लेखी घ्या. सरकारी भिंत असेल तर संबंधित खात्याकडे, आणि पणजीतल्या फोंतान्हाससारख्या वारसा भागात महापालिकेकडेही आधी विचारा. अर्जाला रंगीत कच्चे चित्र, भिंतीचे माप आणि कामाचे दिवस जोडा.