मंदीत चित्राची किंमत पाडू नकोस

निम्म्या किमतीत चित्रं विकून टाकायचा विचार आधी डोक्यातून काढ. गेल्या वर्षी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले, त्यांना काय तोंड दाखवशील? लिलावाच्या बातम्यांकडेही बघू नकोस. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडाली, त्याच संध्याकाळी लंडनला डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकाराच्या कामांवर कोट्यवधींच्या बोली लागत होत्या; पुढच्या काही महिन्यांत आपल्याकडचे भावही कोसळलेच.

त्यापेक्षा कागदावर काम कर. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेले छाप, तर जरूर कर, खर्च कमी. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं ५/२० (वीसपैकी पाचवी प्रत) असा क्रमांक आणि सही घाल, वीस झाल्या की एकही जादा छापायची नाही. आणि गॅलरीत चित्र ठेवताना किंमत, कमिशन, परतीची तारीख लेखी घेच. मंदीत गॅलऱ्याही बंद पडतात.