सिंहगड कुणाकुणाचा होता? तुमचे प्रश्न

प्रश्न: गडाचा सगळ्यात जुना मालक कोण?

जुनी ठळक नोंद १३२८ ची आहे. मुहम्मद तुघलक चालून आला तेव्हा कोंढाणा (सिंहगडाचं जुनं नाव) नाग नायक या कोळी सरदाराकडे होता आणि त्याने तब्बल आठ महिने गड लढवला, धान्य संपलं तेव्हाच खाली उतरला. पुढे निजामशाही, मग आदिलशाही.

प्रश्न: शिवाजी महाराजांनी जिंकलेला गड परत का दिला?

दोनदा द्यावा लागला हो. १६४९ ला शहाजीराजांच्या सुटकेसाठी आदिलशहाला आणि १६६५ ला पुरंदरच्या तहात मुघलांना, तेव्हा दिलेल्या २३ किल्ल्यांमध्ये कोंढाणा होताच. दोन्ही वेळा गडावर कुणी चढाई करून तो घेतला नाही, हे लक्षात घ्या. सिंहगड म्हटलं की आपल्याला फक्त लढाई आठवते, पण हा गड लढाईपेक्षा तहात, पैशात आणि अदलाबदलीत जास्त वेळा गेलाय. १७०३ ला औरंगजेबाने सुद्धा वेढा घातला खरा पण शेवटी पैसे मोजूनच घेतला, नाव ठेवलं बक्षिंदाबक्ष, आणि १७०५ ला मराठ्यांनी तो परत घेतला.

प्रश्न: तानाजी खरंच घोरपड लावून चढले का?

सभासद बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, घोरपड नाहीये. तिथे दोन निवडक मावळे रात्री वानरासारखे कडा चढतात, वरून माळ म्हणजे दोराची शिडी सोडतात आणि त्यावरून तानाजींसकट तीनशे माणूस वर जातं. मला तर हे जास्त थरारक वाटतं, कारण ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री सगळा भार त्या दोघांच्या हातापायांवर होता आणि त्यांची नावं पण आपल्याला कुणी सांगत नाही.

प्रश्न: पेशव्यांनी गड कुणाकडून जिंकला?

जिंकला नाही, बदल्यात घेतला. १७५० ला भोरच्या पंतसचिवांना तुंग आणि तिकोना हे किल्ले देऊन सिंहगड पेशव्यांकडे आला. पुरावा बघायचाय तर कल्याण दरवाजापाशी जा, तिथल्या बुरुजावर शिलालेख आहे, शालिवाहन शके १६७२ आणि बाळाजी बाजीराव पंडित प्रधान यांची कारकीर्द असं त्यात कोरलंय. शकात ७८ मिळवा, १७५० च येतं! लोक तिथे सेल्फी काढतात आणि पुढे जातात, वाईट वाटतं. दोन मिनिटं थांबून वाचा, मुलांना दाखवा.

प्रश्न: इंग्रजांकडे कधी गेला?

२ मार्च १८१८. जनरल प्रिझलरने तोफा डागल्या, आतली गोसावी आणि अरबांची शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, काही दिवस टिकली आणि मग गड खाली केला.