टाच आणि लगाम: हार्ट फेल्युअरमधल्या ठोक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे. नुसते बसले असले तरी नाडी ९५ च्या खाली येत नाही. हृदय कमजोर झालं तर ठोके मंद व्हायला हवेत ना? इथे उलटं कसं?

ठोके किती पडायचे हे स्नायूच्या ताकदीवर ठरत नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातला सायनस नोड ते ठरवतो. त्याला एकट्याला सोडलं तर तरुण माणसात तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो, वय वाढेल तसे थोडे कमी. विश्रांतीत आपल्याला ६०-७० दिसतात, कारण व्हेगस नावाच्या नसेनं लगाम खेचून धरलेला असतो. दुसऱ्या बाजूनं सिम्पथेटिक नसा टाच मारत असतात. प्रत्यारोपणात या दोन्ही नसा कापल्या जातात, म्हणून नवं हृदय बसल्या जागीही ९०-१०० नं चालतं.

आता वडिलांकडे येऊ. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाब जोखणारे संवेदक असतात. हृदयातून रक्त कमी फेकलं गेलं की भिंत कमी ताणली जाते आणि तशी खबर मेंदूकडे जाते. रक्तस्राव झाला तरी खबर हीच असते, आणि मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. तो लगाम सैल सोडतो, टाच मारतो, रक्तवाहिन्या आवळतो, मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. जखमी माणसाला तासभर तगवण्यासाठी ही सोय उत्तम आहे. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचं पंपिंग असं कमी पडतं तेव्हा, मात्र ती महिनोन्‌महिने चालू राहते.

किंमत हिशेबानं पाहा. नाडी ६० असेल तर एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो. त्यातला साधारण एक तृतीयांश आकुंचनात जातो, उरलेला सैलावण्यात. नाडी १०० झाली की सेकंदाचे सहा दशांश उरतात, पण आकुंचनाचा वेळ त्या प्रमाणात घटत नाही. काटछाट होते ती विश्रांतीत, आणि डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः त्याच वेळात मिळतं. म्हणजे काम वाढलं आणि खुराक घटला.

प्रश्न: होल्टरच्या (२४ तास ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टमध्ये ‘व्हीपीसी’ पुष्कळ आल्या आहेत. ठोके जलद पडणं आणि ताल बिघडणं हा एकच प्रकार का?

नाही, पण मूळ एकाच ठिकाणी आहे. टाच मारणाऱ्या सिम्पथेटिक नसा नॉरॲड्रेनालिन हे द्रव्य सोडतात, त्याच्या सततच्या माऱ्यानं पेशीच्या आतली कॅल्शियमची कोठी गळू लागते. गळलेलं कॅल्शियम बाहेर टाकताना पेशीत थोडी विद्युतधारा शिरते, आणि ती पुरेशी झाली की वेळ नसताना ठोका पडतो. तीच व्हीपीसी, खालच्या कप्प्यातून निघालेला अवेळी ठोका. जुन्या अटॅकचा व्रण असेल तर त्याच्याभोवती हाच ठोका गोल गोल फिरत राहू शकतो. मग ते व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया होतं, म्हणजे खालच्या कप्प्यातून सुटलेली जलद ठोक्यांची धोकादायक माळ. पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो. लघवीच्या गोळीनं ते लघवीतून जातं आणि ॲड्रेनालिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं, असा दुहेरी मार असतो. म्हणून डॉक्टर रक्तातलं पोटॅशियम ४ ते ५ (mEq/L) च्या दरम्यान राखायला बघतात. पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पोटॅशियमयुक्त मीठ मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका. स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी औषधं चालू असतील तर ते फार वर जाऊन तितकाच घात करतं.

घरी मोजताना एक गोष्ट लक्षात असू द्या. अवेळी पडलेला ठोका बऱ्याचदा मनगटापर्यंत पोचतच नाही. ऑक्सिमीटर ४२ दाखवत असेल आणि तुम्ही ठणठणीत असाल तर हृदय कदाचित ८४ नं चालत असेल, एकाआड एक ठोका हरवून. अशा वेळी ठोके मंद करणारी गोळी बंद करण्याआधी ईसीजी काढा. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणणं इथे फसवतं.

प्रश्न: हृदय आधीच थकलेलं, आणि वर ते मंद करणारी बीटा ब्लॉकरची गोळी! दोन आठवड्यांत थकवा वाढलाय. बंद करावी का?

स्वतःहून बंद करू नका. शंका अगदी रास्त आहे. डॉक्टरही कित्येक वर्षं याच विचारानं हार्ट फेल्युअरमध्ये ही गोळी टाळत असत. १९९९ मध्ये बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोलच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, अचानक होणारे मृत्यूही कमी झाले.

सतत टाच बसल्यानं हृदयपेशी आपले बीटा रिसेप्टर, म्हणजे ती टाच झेलणारे पेशीवरचे ग्राहक, काढून घेतात. बिघडलेल्या हृदयांत ते निम्म्यावर आलेले आढळले आहेत. गोळी तो मारा अडवते. पण सुरुवातीला हृदयाचा आधारही निघतो, म्हणून थकवा येतो, कधी पाणी साचतं. फायदा दिसायला महिने लागतात. यासाठीच डोस मुंगीच्या पावलानं वाढवायचा: बिसोप्रोलोल १.२५ मिलिग्रॅमपासून, कार्वेडिलोल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि दोन आठवड्यांच्या आत वाढ नाही. लक्ष्य अनुक्रमे १० मिलिग्रॅम, आणि दोनदा २५ मिलिग्रॅम (वजन ८५ किलोच्या वर असल्यास दोनदा ५०). कार्वेडिलोल जेवणासोबत घेतली की चक्कर कमी येते. अंगावर सूज असताना डोस वाढवत नाहीत. आधी पाणी काढतात.

एकदम थांबवण्यात धोका असा की गोळीच्या छायेत रिसेप्टर पुन्हा वाढलेले असतात. मारा सुरू झाला की सगळे एकदम पेटतात. तीन दिवसांत वजन २ किलोपेक्षा जास्त वाढलं, किंवा नाडी ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बहुधा डोस कमी करून भागतं. शुद्ध हरपली किंवा बसल्या जागी धाप लागली तर फोनवर वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

प्रश्न: माझे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात, तरी स्मार्टवॉच ‘एचआरव्ही कमी’ म्हणून इशारा देतं. एकसारखे ठोके चांगलेच ना?

नाही. एचआरव्ही म्हणजे ठोक्याठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार. श्वास घेताना ठोके किंचित जलद, सोडताना मंद, हे निरोगीपणाचं लक्षण आहे. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेतवली आणि त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. पुढे त्या द्रव्याची ओळख ॲसिटिलकोलिन अशी पटली. ते क्षणात तयार होतं आणि क्षणात मोडतं, म्हणून व्हेगस एकेका ठोक्याला हात घालू शकते. सिम्पथेटिकला परिणाम दाखवायला काही सेकंद लागतात. त्यामुळे चढउतार पुसले गेले म्हणजे लगाम ढिला पडला. हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांवरच्या १९८७ च्या अभ्यासात एचआरव्हीचा २४ तासांचा आकडा ५० मिलिसेकंदांच्या खाली असणाऱ्यांत, १०० च्या वरच्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला.

तरी घड्याळाच्या आकड्यानं झोप उडवून घेऊ नका. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. तो २४ तासांच्या होल्टरशी ताडता येत नाही. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचा ताल पूर्ण विस्कटणं) किंवा पेसमेकर असेल तर तो निरर्थकच. लगाम घट्ट करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे नियमित चालणं: बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

प्रश्न: सर्दीची गोळी चालेल का?

पाकिटावर स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन असेल तर नको. ही द्रव्यं टाच मारणाऱ्या नसांचंच काम करतात. नाक मोकळं करायला मिठाच्या पाण्याचा स्प्रे चालतो. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनही टाळा, ते मीठ-पाणी अडवून ठेवतं. बेतानं पॅरासिटामॉल घ्या, तेही विरघळणारं नको, त्यात सोडियम भरपूर असतं.