पन्नी विरघळते, कुजते की जिरते?

काटोलकडच्या एका भाऊंनी विचारलंय की त्यांच्या शेतकरी गटाचं पत्रक निघतंय. त्यात मल्चिंगच्या, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायच्या, नव्या प्लॅस्टिक पन्नीबद्दल 'मातीत विरघळणारी' लिहावं, 'कुजणारी' लिहावं की 'विघटनशील'?

'विरघळणारी' आधी खोडा. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. दुकानदार म्हणतो, पिशवीवर छापलेलं असतं, परवा तर एका व्याख्यात्याने माईकवरून तीनदा म्हटलं. विरघळते ती साखर; पाणी आटवलं की परत साखर हाती येते. पन्नी विरघळत असती तर भर पावसात कॉटन मार्केटातून भाजी घरी कशी आली असती, बापा?

'कुजणं' निदान प्रामाणिक आहे, पण कुजायला खाणारं कोणी लागतं, बुरशी नाहीतर जिवाणू. साध्या पॉलिथिनला ते सहसा तोंड लावत नाहीत. 'विघटनशील' मात्र लबाड शब्द. दोन वेगळ्या गोष्टी तो एकाच पोत्यात भरतो. त्या दोन गोष्टींना मराठीत दोन नेमके शब्द आहेत आणि गंमत म्हणजे दोघे एकाच आईचे: जीर्ण होणे आणि जिरणे.

संस्कृत 'जॄ' धातूचा अर्थ झिजणं, म्हातारं होणं आणि पचणंही. जरा, जर्जर, जरठ ही सगळी त्याच घरची. 'वासांसि जीर्णानि' मधलं विटलेलं वस्त्र तिथलं आणि लग्नाचं जेवून होणारं अजीर्णही तिथलंच. ग्रीक भाषेतला म्हातारा, 'गेरोन', हा आपल्या जरठाचा चुलतभाऊ. डॉक्टरांचं 'जेरियाट्रिक्स' त्याच्याच घरातून आलं. आपण मात्र 'जीर्ण' पोथीत ठेवला आणि 'जिरणे' शेतात, घरात, भांडणात वापरला. अन्न जिरतं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मधलं पाणी जिरतं आणि शेजाऱ्याची जिरते तेव्हा तर बघायलाच नको.

जिरंसुद्धा इथलंच, असं माझं ठाम मत आहे. माझे एक प्राध्यापक मित्र 'जिरे' फारसी 'झीरा'वरून आलं म्हणून अडून बसतात. त्यांनी एकदा अमरकोश उघडावा. जीरक, जरण, अजाजी अशी नावं तिथे ओळीने आहेत. 'जरण' म्हणजे पचवणारं. जेवणानंतर जिऱ्याचं पाणी देणाऱ्या आजीला हे कोशाशिवाय कळत होतं. (फारसीशी नातं असेल, नाही कोण म्हणतं? पण उसनवारी आपणच केली हे कशावरून?)

उलट 'जिरायत' जमीन म्हणजे पाणी जिरणारी जमीन, असं जे अधूनमधून छापून येतं ते साफ चूक. तो अरबी 'जिराअत', म्हणजे शेती. इथे मी मुकाट्याने त्याच प्राध्यापकांच्या बाजूने.

आता पन्नी. आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला एक पारदर्शक पन्नी अंथरतात. दोन उन्हाळे ती निमूट सोसते. तिसऱ्या मे महिन्यात उचलायला जावं तर हातात चुरा. याला म्हणायचं जीर्ण होणं. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिथिनच्या लांबच लांब साखळ्या तोडतात, ताण सोसायची ताकद जाते आणि नागपूरची पंचेचाळीस अंशांची धग हे काम आणखी उरकते. काळ्या मल्चिंगात काजळी घातलेली असते, ती किरणं शोषून घेते, म्हणून ती पन्नी जास्त टिकते.

पण चुरा झाला म्हणजे जिरली नाही. गादीवाफ्याच्या कडेला मातीत दाबलेली पट्टी हंगाम संपल्यावर उपसून बघा. मधली फाटून लक्तरं झालेली, कड मात्र नव्यासारखी चिवट. मातीत ऊन पोचत नाही, मग साखळी तोडणार कोण? त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा चुरा त्यात पडतो, मृगाच्या पावसाने माती फुगून भेग मिटते आणि तुकडे आत गडप. शेत स्वच्छ दिसतं आणि शेतकरी म्हणतो, विरघळली! लोह-कोबाल्टचे क्षार घालून पन्नीचा चुरा लवकर पाडायची युक्तीही निघाली होती. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात असलं प्लॅस्टिक बाजारात आणायलाच मनाई केली, ती 2021 च्या जुलैपासून लागू झाली. त्यांनाही जीर्ण आणि जिरणे यातला फरक कळला म्हणायचा.

खरोखर जिरणाऱ्या पन्न्या आहेत, पीबीएटी नावाच्या वेगळ्या प्लॅस्टिकच्या वगैरे. त्यांचे सांधे पाणी आणि सूक्ष्मजीव मिळून सोडवतात आणि तुकडे खाऊन टाकतात. पण 'कंपोस्टेबल' हा शिक्का मिळतो तो अठ्ठावन्न अंशांच्या आसपास तापवलेल्या, ओलसर खताच्या ढिगात पारखून. आपलं शेत मे महिन्यात वरून तापतं खरं, पण ओल कुठे असते?

'पन्नी' हा शब्दच हिंदी, तो पत्रकात नको, असंही कोणी सुचवलंय म्हणे. हिंदीतून आला, मान्य. पण पन्नी म्हणजे मुळात वर्ख, बेगड आणि माझ्या मते ती 'पर्णा'ची नात: पर्ण, पण्ण, पान, पन्ना, पन्नी. विदर्भात कोणाला 'प्लॅस्टिक आच्छादन' म्हणून पाहा, तो आधी तुमच्याकडे बघेल.

हां, पत्रक. 'मातीत जिरणारी पन्नी' लिहा. आणि लिहिण्याआधी विक्रेत्याला विचारा, जिरते की नुसती जीर्ण होते. गोंधळला तर तो शब्द छापू नका.