फवारणीचं औषध ओढ्यात जाऊ नये म्हणून बांधावर गवताचा पट्टा पुरेल का?

पट्टा लावाच. पण आधी सांगा, पंप कुठे धुता?

आमचंही शेत ढाळाचं आणि खाली ओढा. मासे उताणे तरंगताना दिसले की काकांचं उत्तर ठरलेलं: "पावसाने वाहून गेलं, त्याला मी काय करू?" एकदा ते ओढ्याकाठी पंप विसळत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. टाकीच्या तळाचं औषध त्यांनी पाण्यात ओतलं आणि दुधासारखा पांढरा लोट प्रवाहाबरोबर खाली निघाला. आभाळ कोरडं ठाक. म्हटलं, "काका, आता कुठेय पाऊस?" "एवढ्याशाने काय होतंय," म्हणत त्यांनी नोझलही त्यातच खळबळून घेतला. एवढ्याशाने! युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक ग्रॅम निव्वळ विष एक कोटी लिटर पाणी मर्यादेला नेऊन पोचवतं. काकांना तो हिशेब आजही पटलेला नाही.

तेव्हा पंप शेतातच भरा, शेतातच धुवा, दर वेळी जागा बदलून. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीत घ्या, टाकीचं धुवण त्याच पिकावर फवारा. भरताना पाइपचं तोंड औषधात बुडवू नका. मोटर बंद पडली तर औषध उलटं विहिरीत जातं. स्वीडनमध्ये 1993 पासून धुवण जिरवायला काड, पीट (दलदलीतला कुजलेला पालापाचोळा) आणि माती भरलेला खड्डा करतात, वर गवत. काडावरची बुरशी आणि जिवाणू विष मोडतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

आता पट्टा. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांसारखी मातीला चिकटणारी औषधं गवत गाळाबरोबर अडवतं. अ‍ॅट्राझिन हे तणनाशक पाण्यात विरघळून येतं, ते पाणी मुरेल तेवढंच थांबतं. ओघळ पडली असेल तर आधी बुजवा, नाहीतर पट्टा कितीही रुंद करा, पाणी तिथूनच सटकणार. रुंदी ढाळ बघून ठरवा.

पावसाने काहीच जात नाही असं मात्र नाही. फवारणीनंतरचा पहिला जोराचा पाऊस बरंच नेतो, म्हणून आभाळ भरलेलं असताना फवारू नका. (एवढं काकाही पाळतात, औषधाचे पैसे जातात ना!) आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असतील तर पट्ट्यावर फार भिस्त ठेवू नका, पाणी त्याच्या खालूनच ओढ्यात उतरतं.