अर्जातले ‘थोडेफार’

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जाचा मसुदा काल दोनदा वाचला आणि त्यातल्या एका वाक्यापाशी थांबलो: ‘गोदामातील साठ्याच्या नोंदी संगणकावर आणण्याच्या कामात थोडाफार सहभाग घेण्याचा प्रयत्न केला.’ हे काम तू कसे केलेस, ते मी तुझ्याच तोंडून ऐकले आहे. जुन्या वह्यांतली एकेक नोंद तू उतरवून घेतलीस आणि आकडा जुळेना तेव्हा गोदामात जाऊन खोकी मोजलीस. अशा कामावर ‘थोडाफार’, ‘सहभाग’ आणि ‘प्रयत्न’ अशी तीन पांघरुणे घातल्यावर वाचणाऱ्याला त्यातले काय दिसणार?

त्याऐवजी असे लिही: ‘साठ्याच्या जुन्या वह्यांतील नोंदी मी ३ महिन्यांत संगणकावर आणल्या आणि प्रत्यक्ष मालाशी पडताळून पाहिल्या.’ यात बढाईचा एकही शब्द नाही. ‘मी’ लिहिताना तुझा हात अडखळतो, हे मला समजते. पण ‘नोंदी अद्ययावत करण्यात आल्या’ अशी कर्ता नसलेली वाक्ये अर्जात आली, की काम दिसते आणि करणारा मात्र दिसत नाही, आणि निवड तर त्याचीच व्हायची असते.

दुसरे टोकही गाठू नकोस. मी अर्ज छाननीला बसत असे तेव्हा ‘अत्यंत मेहनती’, ‘निष्णात’ ही विशेषणे नजरेखालून तशीच निघून जात, कारण ती प्रत्येक अर्जात असत. मुलाखतीत ‘म्हणजे नेमके काय केलेत?’ असे विचारल्यावर ज्या शब्दामागचे काम तुला सांगता येईल, तोच शब्द कागदावर ठेव. जे पुरते येत नाही, तेही ताठ मानेने लिहिता येते. ‘अनुभव नसला तरी शिकण्याचा प्रयत्न करीन’ यापेक्षा ‘हिशेबाचे सॉफ्टवेअर सध्या शिकत असून खरेदी-विक्रीच्या नोंदी मला स्वतंत्रपणे करता येतात’ हे वाक्य खरेही आहे आणि भक्कमही.

‘संधी दिल्यास आजन्म ऋणी राहीन’ ही शेवटची ओळ काढून टाक, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथे ‘मुलाखतीसाठी आपल्या सोयीच्या वेळी उपस्थित राहीन’ एवढे पुरे.

नवा मसुदा झाला की एकदा मोठ्याने वाच आणि जिथे आवाज आपोआप खाली येईल, त्या वाक्याखाली रेघ ओढ. तीच वाक्ये घेऊन रविवारी ये. आपण बसून पाहू.

तुझा,
सर