स्वीकारभाषण आणि त्यातला दीर्घ ईकार

एका वाचकाने विचारले आहे की अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारताना जे ‘ॲक्सेप्टन्स स्पीच’ करतो, त्याला मराठीत ‘स्वीकृती भाषण’ म्हणावे की ‘विजयी भाषण’, आणि असे भाषण ‘मतदारांना प्रभावित करते’ हे वाक्य बरोबर आहे का.

‘स्वीकारभाषण’ म्हणावे, एक शब्द म्हणून जोडून लिहावे आणि त्यातला ‘स्वी’ दीर्घ लिहावा. ‘विजयी भाषण’ हे सरळ चूक आहे. पक्षाची अधिवेशने सहसा जुलै-ऑगस्टमध्ये होतात, मतदान नोव्हेंबरात होते आणि शपथविधी जानेवारीत होतो. या तिन्ही प्रसंगांची भाषणे वेगळी असूनही दर चार वर्षांनी आपल्या बातम्यांत त्यांची सरमिसळ होते, आणि जो माणूस अजून मते मागायला उभा आहे त्याला आपण मथळ्यात विजयी करून टाकतो. हिंदीतून आयता उचललेला ‘नामांकन’ हा शब्दही मराठीला नको. मराठीत ‘नामांकित’ म्हणजे ख्यातनाम. आपण नामांकित वकील म्हणतो, नामांकित शाळा म्हणतो. ‘अमुक नेते नामांकित झाले’ हे वाक्य मराठी वाचणाऱ्याला ‘ते नावारूपाला आले’ असेच कळणार. आपल्याकडे उमेदवारी मिळते, उमेदवारी जाहीर होते, आणि कायद्याच्या भाषेत नामनिर्देशनपत्र भरले जाते.

‘स्वीकृती’ हा शब्द व्याकरणाने शुद्ध असला तरी तो कचेरीत अडकला आहे. महापालिकेत ‘स्वीकृत नगरसेवक’ म्हणजे लोकांनी निवडून न देता सभागृहाने आत घेतलेला सदस्य. ‘स्वीकृती’ म्हटले की अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याचा वास येतो, आणि कोणी कोणाला स्वीकारले याचा उलगडा होत नाही. पक्ष उमेदवाराला निवडतो, पण स्वीकारण्याची क्रिया उमेदवाराची असते, आणि सगळी चर्चा त्या क्रियेपाशीच यायला हवी.

‘स्विकार’ असे ऱ्हस्व लिहिलेले मी रोज पाहतो. आमंत्रणपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर ते दिसते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण या शब्दाचा जीव त्या दीर्घ ईकारात आहे. संस्कृतात ‘च्वि’ नावाचा एक प्रत्यय आहे. पाणिनीने तो अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात सांगितला आणि वार्तिककारांनी, म्हणजे त्याच्या सूत्रांना पूरक टिपा जोडणाऱ्यांनी, त्याला ‘अभूततद्भावे’ अशी अट घातली. जे आधी तसे नव्हते ते तसे झाले किंवा केले, एवढ्याच अर्थाने तो लागतो. लागल्यावर प्रत्यय स्वतः पूर्णपणे लोप पावतो, आणि जाताना मागच्या अकाराचा ईकार करून जातो. ‘स्व’ या शब्दाला तो लागला की ‘स्वी’ होते, पुढे ‘कार’ येतो आणि ‘स्वीकार’ तयार होतो. त्याचा अर्थ होतो, जे आपले नव्हते ते आपले करणे. प्रत्ययाची राहिलेली एकमेव खूण म्हणजे तो दीर्घ ईकार. तो ऱ्हस्व केला की हा अर्थ सांगणारा साक्षीदारच पुसला जातो.

या प्रत्ययाचे उदाहरण म्हणून काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील जुन्या टीकेने, जे रूप दिले आहे, त्याचा आनंद मला वर्षानुवर्षे पुरला आहे. ते रूप आहे ‘शुक्लीकरोति’, म्हणजे जे पांढरे नव्हते ते पांढरे करतो. आता इंग्रजीतला ‘कँडिडेट’ हा शब्द पाहा. तो लॅटिन ‘कांदिदातुस’ या शब्दावरून आला, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘पांढरा केलेला’ असा आहे. प्राचीन रोममध्ये पद मागायला निघालेला माणूस खडूने घासून शुभ्र केलेला झगा घालून लोकांत फिरत असे, म्हणून त्याला हे नाव पडले. आपल्या वृत्तिकारांच्या भाषेत सांगायचे तर तो ‘शुक्लीकृत’ होता. रोमच्या उमेदवाराचे नाव आणि पाणिनीय परंपरेतले च्वि-प्रत्ययाचे उदाहरण अर्थाने तंतोतंत एक निघावे, हा योगायोग असला तरी मी तो सहजासहजी सोडणार नाही. कारण अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री उभा राहणारा माणूस हेच काम करत असतो. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांमध्ये महिनोन्‌महिने स्वपक्षीयांशीच भांडून त्याच्या कपड्यांवर चिखल उडालेला असतो. तो धुऊन त्याला सगळ्या देशासमोर यायचे असते, आणि जे आपले नव्हते त्यांना एका रात्रीत आपले करायचे असते.

काही अभ्यासक म्हणतात की हे भाषण निव्वळ उपचार आहे, उमेदवार तर आधीच ठरलेला असतो. हे मत मला साफ अमान्य आहे. उपचार होता तो १९३२ पूर्वी. तेव्हा उमेदवार अधिवेशनाला जातच नसे. तो घरी थांबे, काही आठवड्यांनी पक्षाची समिती येऊन त्याला निवड रीतसर कळवी, आणि मग तो पत्राने किंवा भाषणाने होकार देई. १८६० साली लिंकन यांनी शिकागोच्या अधिवेशनाला न जाता स्प्रिंगफील्डहून एका छोट्या पत्राने उमेदवारी स्वीकारली होती. २ जुलै १९३२ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ही रीत मोडली. ते ऑल्बनीहून विमानाने शिकागोला निघाले, समोरच्या वाऱ्यामुळे विमान रखडले, आणि तोवर सभागृहातले प्रतिनिधी थांबवून ठेवावे लागले. पोहोचल्यावर रूझवेल्ट म्हणाले की उमेदवाराने असे समोर येणे पूर्वी कधी घडलेले नाही आणि रूढीला सोडून आहे, पण हा काळही तसाच आहे. मंदीने लोकांचे रोजगार गेले होते, बँका बुडत होत्या. अशा वेळी घरी बसून निरोपाची वाट पाहणारा उमेदवार लोकांना आपला वाटला नसता.

त्या भाषणातले प्रसिद्ध वाक्य मराठीत नीट आणले पाहिजे. ते म्हणाले, “मी तुम्हाला वचन देतो, मी स्वतःला बांधून घेतो, अमेरिकेच्या जनतेसाठी एका नव्या डावासाठी.” मूळ इंग्रजीतल्या ‘न्यू डील’चा आपल्या पुस्तकांत ‘नवा करार’ होतो तो मला पटत नाही, कारण ‘डील’ या शब्दात पत्ते पिसून पुन्हा वाटण्याची छटा आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे वाक्याची सुरुवात. मूळ इंग्रजीत ‘तुम्हाला’ आणि ‘स्वतःला’ हे दोन शब्द एकाच क्रियापदाला लागोपाठ जोडले आहेत, म्हणजे ऐकणारा आणि बोलणारा एका दावणीला बांधले गेले. भाषणाच्या शेवटी त्यांनी साथ मागितली ती अमेरिका ‘तिच्या स्वतःच्या लोकांना’ परत मिळवून देण्यासाठी. वाक्यातला हा ‘स्व’ ऐकला की स्वीकाराचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. मोनिअर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशातही ‘आपलेसे करणे’ हा अर्थ आधी येतो आणि होकार किंवा संमती नंतर. मराठीत आपण नंतरचा अर्थ पुढे आणला आणि पहिला विसरलो.

हॅरी ट्रूमन यांनी १९४८ मध्ये फिलाडेल्फियात तर विरोधकांची वस्तूच आपलीशी केली. रात्री दोनच्या सुमारास, पेंगुळलेल्या प्रतिनिधींसमोर, त्यांनी जाहीर केले की मिझुरीत ज्याला ‘टर्निप डे’ म्हणतात त्या २६ जुलैला मी काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, खास अधिवेशन बोलावतो आहे, आणि रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात जे कायदे करू असे म्हटले आहे ते त्यांनी तिथे करून दाखवावेत. सभागृह खडबडून जागे झाले. निवडणूक ट्रूमन जिंकले.

‘उमेदवार’ हा शब्द इथेच घेतो, कारण त्याच्यावाचून ही गोष्ट अपुरी आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि ‘वार’ म्हणजे ती बाळगणारा. आजही कारखान्यात ‘शिकाऊ उमेदवार’ असतो, आणि माणूस आपल्या ‘उमेदवारीच्या काळा’विषयी बोलतो तेव्हा निवडणुकीचा विषयही नसतो. आशेवर उभा असलेला तो उमेदवार. १६ जुलै १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिल क्लिंटन यांनी स्वीकारभाषणाचा शेवट असा केला की माझ्यासाठी जिथून सगळे सुरू झाले तिथेच मी आज थांबतो, ‘होप’ नावाच्या गावावर माझा अजूनही विश्वास आहे. होप हे अर्कान्सा राज्यातले त्यांचे जन्मगाव, आणि शब्दाचा अर्थ आशा. मराठीत सांगायचे तर उमेद नावाच्या गावचा माणूस उमेदवार म्हणून उभा होता. ऐकणाऱ्याचे गाव कोणतेही असो, त्या एका वाक्याने तो क्लिंटन यांच्या गावचा झाला. त्या आठवड्यानंतर जनमत चाचण्यांत क्लिंटन यांनी मोठी उसळी घेतली, पण तिचे सगळे श्रेय भाषणाला देणाऱ्यांनी हेही सांगावे की अपक्ष लढणाऱ्या रॉस पेरो यांनी भाषणाच्याच दिवशी शर्यतीतून माघार घेतली होती.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. ‘प्रभावित करणे’ हेही हिंदीचे वळण आहे. मराठीत प्रभाव पडतो, छाप पडते, भुरळ पडते, मन वळते आणि गोष्ट गळी उतरते. पाटाचे पाणी वळवावे तसे मन वळवले जाते, म्हणजे वाहते पाणी तेच असते, फक्त दिशा बदलते. ‘गळी उतरवणे’ याची गंमत याहून मोठी आहे. इंग्रजी ‘पर्स्वेड’ हा शब्द लॅटिन ‘स्वादेरे’ या क्रियापदापासून आला. त्याचे मूळ आणि आपल्या ‘स्वादु’ या शब्दाचे मूळ एकच आहे, आणि ‘स्वीट’ हा शब्दही त्याच कुळातला. एखादी गोष्ट पटवणे म्हणजे ती जिभेला गोड लागेल अशी करणे. त्यांनी जिभेपर्यंतचा प्रवास शब्दात धरला, आपण गळ्यापर्यंतचा धरला.

१९८८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जॉर्ज बुश यांनी हा घास कसा भरवला ते पाहण्यासारखे आहे. जुलैअखेरच्या गॅलप चाचणीत ते प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांच्या १७ टक्के-गुणांनी मागे होते. त्यांनी एक छोटे नाट्य रचले. काँग्रेस मला कर वाढवायला लावील, मी नाही म्हणेन. ते पुन्हा रेटतील, मी पुन्हा नाही म्हणेन. ते आणखी एकदा रेटतील, आणि मग मी सांगेन, “नीट ऐकून घ्या, नवे कर नाहीत.” मूळ वाक्यात ‘माझे ओठ वाचा’ असे शब्द आहेत आणि भाषांतरकार ते तसेच ठेवतात, पण मराठीत त्या शब्दांना चव नाही. तीन वेळा रेटणे आणि शेवटी पडलेला तो छोटा, ठोस तुकडा यांत सगळी कमाई आहे. बुश ४० राज्ये जिंकले. १९९० मध्ये त्यांना कर वाढवावे लागले, तेव्हा हेच वाक्य लोकांनी त्यांना परत ऐकवले. गळी उतरलेली गोष्ट लोक विसरत नाहीत.

याउलट १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सांगितले की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणे हा दुर्गुण नव्हे. हे वाक्य घडणीने सुरेख आहे, पण ज्यांना आधीच ते आपले वाटत होते त्यांनाच ते पुन्हा आपले वाटले. तिथे च्वि-प्रत्यय लागलाच नाही. त्यांना ६ राज्ये मिळाली. वॉल्टर माँडेल यांनी १९८४ मध्ये सांगितले की अध्यक्ष रेगन कर वाढवतील आणि मीही वाढवीन, फरक एवढाच की ते सांगणार नाहीत आणि मी आत्ताच सांगितले. हे बोलणे प्रामाणिक होते आणि मला त्याविषयी आदर आहे, पण कडू घास त्यांनी कडूच दिला, आणि त्यांना स्वतःच्या मिनेसोटाखेरीज एकही राज्य मिळाले नाही. केवळ एका भाषणाने निवडणूक जाते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे क्रियेबद्दल आहे, निकालाबद्दल नाही.

२०२४ मध्ये मिलवॉकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी आरंभी सांगितले की मी अर्ध्या अमेरिकेसाठी नव्हे तर साऱ्या अमेरिकेसाठी उभा आहे, आणि मग ते दीड तासाहून अधिक वेळ बोलले. २२ ऑगस्टला शिकागोत कमला हॅरिस यांनी ‘मी स्वीकारते’ हे क्रियापद लांबवत नेले. पक्ष, वंश, लिंग किंवा तुमची आजी जी भाषा बोलते ती कोणतीही असो, अशा प्रत्येक अमेरिकनाच्या वतीने, माझ्या आईच्या वतीने, अनोळखी वाटेवर निघालेल्या सगळ्यांच्या वतीने, अशी ‘च्या वतीने’ची ओळ लावून त्या शेवटी स्वीकारावर आल्या. घरात आजी मराठी बोलते अशी कुटुंबेही तिथल्या मतदारांत आहेत, आणि त्या अर्ध्या वाक्याने त्यांना नक्कीच मान वर करून पाहायला लावले असेल. हॅरिस निवडणूक हरल्या, तरी स्वीकार या शब्दाचे इतके नेमके विवरण मी दुसऱ्या भाषणात ऐकलेले नाही.

आपल्याकडे उमेदवाराला पक्षाचा एबी फॉर्म मिळतो आणि तो मिरवणुकीने जाऊन अर्ज भरतो. स्वीकारण्याचे भाषण आपल्या रीतीत नाही, म्हणून तयार शब्दही नव्हता. आता तो घडवायचाच असेल तर त्यातले वाक्यही मराठी असू द्यावे. ‘मी आपले नामांकन स्वीकार करतो’ असे न लिहिता ‘तुम्ही दिलेली उमेदवारी मी स्वीकारतो’ असे लिहावे. मराठीला ‘स्वीकारणे’ हे स्वतःचे क्रियापद आहे, आणि त्यातला ‘स्वी’ दीर्घ आहे.